परकी नाणे-ओळख

अपरिचित परदेशी नाण्याचा देश, दर्शनी मूल्य, काळ व धातू ठरविण्याची पद्धत. (पहा : नाणकशास्त्र).

परकी नाण्यांच्या सचित्र सूची युरोपात सोळाव्या शतकात सराफांसाठी छापल्या जात. हौशी संग्राहकांत आज क्राउझ व मिशलर यांची जागतिक नाणेसूची (१९७२) व तिचे क्रमांक रूढ आहेत.

ओळखीचा आरंभ नाण्यावरील लेखापासून होतो. देशनाम बहुधा स्वभाषेत किंवा लॅटिनमध्ये असते : ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘मॅग्यार’ म्हणजे हंगेरी. खरी अडचण वर्षाची. नेपाळी नाण्यावरील विक्रम संवतातून सुमारे ५७, तर थाई बौद्ध वर्षातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने नुसती वजाबाकी चालत नाही, त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवितात (हिजरी १४०० = इ. स. १९७९-८०). जपानी नाण्यावर सम्राटाचे राजवर्ष असते. शोवा ५० म्हणजे १९७५. तेथील भोकाच्या पितळी पाच येनवर तर मूल्यही केवळ चिनी लिपीचिन्हांत असते. (पहा : कालगणना). लेख झिजलेला असल्यास व्यास, वजन, कडेवरील खाचा आणि चुंबकाला मिळणारा प्रतिसाद पाहतात.

चलनबदल व सत्तांतरे यांचा पुरावा म्हणून ही ओळख उपयुक्त ठरते. गोव्यात १९५८ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदो आला. ‘एस्तादो द इंडिया’ हा लेख न वाचल्यास ही नाणी पोर्तुगालची समजली जाण्याचा संभव असतो. (पहा : गोवा, टाकसाळ).