वफादारी कुणाशी? पक्षाची हद्द ओलांडणारे धनवान ‘सरोगेट’

‘सरोगेट’ म्हटले की आपल्याकडे सरोगेट आई आठवते. अमेरिकेच्या राजकारणात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. उमेदवाराच्या वतीने सभेत, टीव्हीवर किंवा चंदा जमवायच्या जेवणात जो बोलतो, तो सरोगेट. उमेदवार एकटा पन्नास राज्यांत पोहोचू शकत नाही. म्हणून बायको-मुले, माजी गव्हर्नर, सिनेनट आणि मोठे उद्योगपती त्याच्या जागी उभे राहतात.

आपल्याकडच्या स्टार प्रचारकाशी याचे नाते आहे, पण एक मोठा फरक आहे. स्टार प्रचारकांची यादी पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते आणि मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावे देता येतात. अमेरिकेत अशी यादी नसते. कोण कुणाच्या वतीने बोलतोय, हे बोलणारा सांगेल तेव्हाच कळते. आणि बोलणारा श्रीमंत असेल तर त्याच्या शब्दाबरोबर त्याची ओळखपाळख आणि पैसाही येतो. असा माणूस एका पक्षातून उठून दुसऱ्याच्या मंचावर गेला की गंमत सुरू होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ चे आहे. लिन फॉरेस्टर डी रॉथशिल्ड या न्यू जर्सीत वाढलेल्या वकील, टेलिकॉम धंद्यात पैसा कमावलेल्या. २००० साली त्यांनी लंडनचे बँकर सर एव्हलिन डी रॉथशिल्ड यांच्याशी लग्न केले आणि ‘लेडी’ झाल्या. बिल आणि हिलरी क्लिंटन यांच्याशी त्यांची जुनी दोस्ती. २००८ मध्ये हिलरी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उतरल्या, तेव्हा लिन ‘हिलरेझर’ झाल्या. एक लाख डॉलर किंवा त्याहून जास्त चंदा जमवून देणाऱ्यांना हे नाव होते. त्या वर्षी एका माणसाला एका उमेदवाराला एका फेरीसाठी २,३०० डॉलरच देता येत होते. म्हणजे एक लाख जमवायला पूर्ण रक्कम देणारे किमान ४४ जण लागतात! अशा लोकांची खरी किंमत त्यांच्या खिशापेक्षा त्यांच्या फोनच्या डायरीत असते, ती यामुळेच.

हिलरी हरल्या, ओबामा जिंकले. हिलरींनी स्वतः जूनमध्ये ओबामांना पाठिंबा दिला, ऑगस्टमध्ये डेनव्हरच्या अधिवेशनात त्यांच्यासाठी भाषणही केले. पण लिन यांचे मन मानले नाही. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनामा समितीवर होत्या. सप्टेंबरच्या मध्याला ते पद सोडून त्यांनी रिपब्लिकन जॉन मॅककेन यांना पाठिंबा जाहीर केला आणि टीव्हीवर त्यांची बाजू मांडू लागल्या. ओबामांवर त्यांचा आरोप काय? तर ते ‘एलिटिस्ट’, म्हणजे वरच्या वर्गाच्या तोऱ्यात वावरणारे आहेत. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये घरे असलेल्या लेडीसाहेबांच्या तोंडून हे ऐकून लोक हसले नसते तरच नवल. शिवाय वेळ कोणती? दोनच दिवस आधी लेहमन ब्रदर्स बँक दिवाळखोरीत गेली होती आणि सामान्य माणूस नोकरीच्या काळजीत होता.

मॅककेन हरले. २०१६ मध्ये हिलरी पुन्हा उभ्या राहिल्या, तशा लिनही परत आल्या. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर, मंडपाखाली त्यांनी हिलरींसाठी जेवण ठेवले. जोडप्यामागे एक लाख डॉलर. वफादारी होती, पण ती पक्षाशी नव्हती, व्यक्तीशी होती. मला तर ही सगळी कहाणी राजकारणापेक्षा मैत्रीची जास्त वाटते. फक्त ही मैत्री लाखो डॉलर हलवू शकते, तुमची-माझी हलवू शकत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ‘रॉथशिल्ड’ हे नाव आले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ‘हे यहुदी घराणे जगातली सरकारे ठरवते’ असे मेसेज फिरू लागतात. जरा हिशोब करा. या घरच्या सुनेच्या उमेदवार आधी २००८ च्या पक्षांतर्गत लढतीत हरल्या, मग नोव्हेंबरमध्ये मॅककेन हरले, मग २०१६ मध्ये हिलरी पुन्हा हरल्या. याला सरकारे ठरवणे म्हणतात का? एका माणसाच्या वागण्याचा ठपका त्याच्या पूर्ण कौमवर ठेवला की काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. असा मेसेज आपण पुढे ढकलू नये.

त्याच निवडणुकीत उलट्या दिशेनेही एकाने हद्द ओलांडली. बुश सरकारचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल, जन्मभराचे रिपब्लिकन म्हणून ओळखले जाणारे, १९ ऑक्टोबर २००८ ला टीव्हीवर आले आणि ओबामांना पाठिंबा दिला. तेव्हा ‘ओबामा मुसलमान आहेत’ असा प्रचार जोरात होता. पॉवेल म्हणाले की ते ख्रिश्चन आहेत हे बरोबर उत्तर, पण खरे उत्तर असे की मुसलमान असते तर काय बिघडले असते? इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका वीस वर्षांच्या मुस्लिम अमेरिकन सैनिकाच्या कबरीचा फोटो त्यांनी पाहिला होता. दगडावर चाँद-तारा, आणि त्याला डोके टेकून बसलेली आई. तो फोटो कसा होता हे त्यांनी त्या मुलाखतीत सांगितले. पॉवेल यांनी चंद्याचे जेवण ठेवले नव्हते. पण त्या वर्षीची कुठली साक्ष लोकांच्या लक्षात राहिली, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एकाने विचारले, ‘टीचर, मग हे लोक गद्दार का?’ तर नाही. आपल्या पक्षांतरबंदी कायद्याची कात्रीसुद्धा फक्त निवडून आलेल्या आमदार-खासदारांवर चालते. चंदा देणाऱ्याला ना व्हिप, ना अपात्रता. अमेरिकेत तर अनेक राज्यांत मतदार नोंदणीचा अर्ज बदलला की पक्ष बदलला. मायकेल ब्लूमबर्ग आधी डेमोक्रॅट, मग रिपब्लिकन महापौर, मग अपक्ष आणि २०१८ मध्ये पुन्हा डेमोक्रॅट. डोनाल्ड ट्रम्प यांनी तर सिनेटसाठी उभ्या असलेल्या हिलरींना चंदा दिला होता. २०१५ च्या वादसभेत त्यांनी बिनधास्त कबूल केले की आपण सगळ्यांना पैसे देतो, आणि काम पडले की ते लोक उपयोगी पडतात. इतका साफ खुलासा दुसऱ्या कुणी केलेला मला तरी आठवत नाही.

पक्षाला असा माणूस हवा असतो, कारण ‘समोरच्यांच्या घरातला माणूस आमच्याकडे आला’ ही जाहिरात विकत मिळत नाही. आपल्या मोहल्ल्यातही हे दिसते. गेल्या इलेक्शनला एका पक्षाचा गमछा घातलेले शेठ या वेळी दुसरा घालून येतात, आणि मंचावरून त्यांची पहिली ओळख ‘आधी तिकडे होते’ हीच करून दिली जाते.

२०१० मध्ये अमेरिकन न्यायालयांच्या निकालांनी ‘सुपर पॅक’चा रस्ता उघडला. उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचार करणाऱ्या या संस्थांना कितीही पैसा देता येतो. मग फोनच्या डायरीची गरज उरली नाही. इलॉन मस्क यांचेच पाहा. ओबामा, हिलरी, बायडेन यांना मत दिल्याचे ते स्वतः सांगत. १३ जुलै २०२४ ला ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि त्याच दिवशी मस्क यांनी त्यांना पाठिंबा दिला. त्या निवडणुकीत त्यांनी २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, म्हणजे आपले दोन हजार कोटी रुपयांच्या वर.

त्यांच्या ‘अमेरिका पॅक’ने एका निवेदनावर सही करणाऱ्या मतदारांतून रोज एकाला दहा लाख डॉलर द्यायला सुरुवात केली. ही लॉटरी आहे म्हणून फिलाडेल्फियात खटला झाला. कोर्टात पॅकच्या बाजूने सांगितले गेले की सोडत नव्हतीच, विजेते पॅकच्या वतीने बोलतील असे पाहून निवडले होते. म्हणजे तेही एक प्रकारचे सरोगेटच, पगारी. न्यायाधीशांनी योजना थांबवली नाही.

ट्रम्प जिंकले, मस्क सरकारी खर्चकपातीच्या कामावर बसले आणि मेअखेरीस बाहेर पडले. जूनच्या पहिल्याच आठवड्यात दोघे सोशल मीडियावर एकमेकांवर तुटून पडले. ५ जुलै २०२५ ला मस्क यांनी जाहीर केले की आता ते स्वतःचाच ‘अमेरिका पार्टी’ नावाचा पक्ष काढणार.