बागा गेल्या, नावे राहिली

पुण्याच्या जुन्या पेठांतून मार्गदर्शकासोबत पायी हिंडण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. सकाळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याशी मंडळी जमतात आणि ऊन चढेपर्यंत पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचतात. अशा एका फेरीत आम्हीही सामील झालो होतो. मार्गदर्शक तरुण होता, त्याची वाणी ओघवती होती आणि सनावळ्या मुखोद्गत होत्या. तथापि त्याच्या निवेदनात एक गोष्ट आम्हांस सतत खटकत राहिली. बागांविषयी तो पुष्कळ बोलला, पण त्या बागांच्या पाण्याविषयी जवळजवळ काहीच बोलला नाही.

वस्तुतः पेशवाईतील पुण्याची बाग ही मुळात पाण्याचीच कथा आहे. 1730 साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्यात आज चौथरे आणि तटबंदी यांखेरीज फारसे काही उरलेले नाही. 1828 च्या आगीने लाकडी मजले गिळले. पण हजारी कारंजाचे सोळा पाकळ्यांचे दगडी कमळ अद्याप जागेवर आहे. ते पाहताना कोणासही प्रश्न पडावा की सपाटीवरच्या या वाड्यात पाणी उसळावे कसे? उत्तर दक्षिणेस, कात्रजच्या तलावात आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, तेथून शहरापर्यंत दगडी, बंदिस्त नळ बांधला गेला. उतार हीच त्याची शक्ती. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी मनोरे उभारले गेले आणि त्यांस नाव पडले ‘उच्छ्वास’. एखाद्या कवीने योजावा असा हा शब्द; तो गवंड्यांच्या कामातून आला याचे आम्हांस आजही नवल वाटते. या पाण्याने वाडे, बागा आणि पेठांमधले हौद भरत.

फेरी पुढे तुळशीबागेकडे वळली. 1761 साली, म्हणजे पानिपतच्याच वर्षी, येथील राममंदिराच्या बांधकामास आरंभ झाला. आज या नावाने बांगड्या, भांडी आणि खेळण्यांचा बाजार डोळ्यांपुढे येतो. जवळच नाना फडणिसांचे बेलबागेचे देऊळ आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या दोन नावांपाशी क्षणभर थांबावे. ‘बाग’ हा फारसी शब्द. राजांच्या विहाराचा, चौकोनी ताटव्यांचा आणि वाहत्या पाटांचा. त्याला पुण्याने जोड दिली ती तुळशीची आणि बेलाची, म्हणजे पूजेच्या पानांची. मोगली रीत घेतली, पण तिला देवघराच्या उंबऱ्याशी आणून बसवले. (बेलबागेतील मुख्य देवता मात्र विष्णू आहे, नावाने शंकराचा बेल धरला तरी देवाची त्यास हरकत दिसत नाही.) ‘हौद’ हाही शब्द असाच बाहेरून येऊन पुणेकरांच्या तोंडी इतका रुळला, की फडके हौद किंवा काळा हौद म्हणताना तो परका होता याचे भान कोणास राहत नाही.

विश्रामबागवाडा हे दुसऱ्या बाजीरावाचे विलासस्थान. पेशवाई बुडाल्यानंतर तीनच वर्षांनी, 1821 मध्ये, इंग्रजांनी तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. बागेचे नाव मिरवणाऱ्या वाड्यात व्याकरण आणि न्याय यांचे पाठ घुमू लागले, हा बदल आम्हांस फारच बोलका वाटतो.

सारसबागेत आलो तेव्हा मार्गदर्शकाने सवाई माधवरावांच्या काळातील गणपतीचे वर्ष अचूक सांगितले : 1784. येथे तळे होते आणि देऊळ त्यातील बेटावर होते. पुढे तळे गेले, हिरवळ आली. परंतु पुणेकर अद्याप ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळ्याच्या काठी हिराबाग होती, तिचेही आता नावच अधिक उरले आहे. लोप पावलेले पाणी भाषेने असे जपून ठेवावे, याचा आम्हांस आनंद झाला, आणि त्याच क्षणी एक अस्वस्थताही.

कारण पाणी सर्वांचे नव्हते. 1868 साली ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या शहरात मैलोगणिक नळ टाकून कारंजी उडवली गेली, त्याच शहरात काही माणसांना सार्वजनिक हौदाला हात लावता येत नव्हता. गंज पेठेतील फुलेवाडा या फेरीच्या वाटेवर नव्हता. आम्ही विचारले, तेव्हा मार्गदर्शक प्रामाणिकपणे म्हणाला, “तो वेगळा विषय होतो.”

वेगळा कसा, हे पर्वती चढताना आम्ही एकमेकांना विचारत होतो. नानासाहेबांनी बांधलेली ही टेकडीवरची देवळे. तेथेच 1761 च्या जूनमध्ये, पानिपतच्या धक्क्यानंतर, त्यांनी देह ठेवला. मार्गदर्शकाने ही करुण कथा फार सुरेख सांगितली. परंतु याच पायऱ्यांवर ऑक्टोबर 1929 मध्ये अस्पृश्यांनी देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज अग्रभागी होते, एस. एम. जोशींसारखे तरुण सोबत होते. त्यांच्यावर दगड पडले, देवळाचे दार उघडले नाही. या घटनेचा उल्लेख निवेदनात आला नाही. कोणी मुद्दाम गाळला असे आम्ही म्हणत नाही. वारसा म्हणजे काय, याची एक ठरीव यादी आपल्या मनात असते आणि ती यादीच वाट आखते.

माथ्यावरून खाली पाहिले तर दाट वस्ती दिसते, तिच्यामध्ये सारसबागेचा हिरवा तुकडा. दक्षिणेकडे कात्रजचा घाट. मार्गदर्शकाने सर्वांना बाटलीतले पाणी दिले आणि फेरी संपल्याचे जाहीर केले. आम्ही तिघे उतरून गंज पेठेकडे चालू लागलो.