मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर गळाला कोणते मासे लागतात?

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात गेलेली मंडळी हौसेने गळ घेऊन खडकावर बसतात. कोकणात याला 'गरवणे' म्हणतात. भर दुपारी चार तास बसून एखादा शिंगाळा हाती लागतो आणि उन्हाळ्यात मासेच नसतात, असा समज होतो. खरं तर मासे असतात, वेळ चुकलेली असते.

एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी वर्षातलं सर्वात गरम असतं. पृष्ठभागाचं तापमान २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे उन्हं वर आली की मोठे मासे खोल पाण्यात किंवा खडकांच्या कपारीत सरकतात. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो तेव्हा किनाऱ्यालगतचं पाणी शांत असतं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाणी गढूळतं. म्हणून पहाट आणि संध्याकाळ या दोनच वेळा कामाच्या.

पण घड्याळापेक्षा महत्त्वाची भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते. खाडीच्या मुखाशी कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते आणि शिकारी मासे तिथेच टपून राहतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी संथ. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, मालवण-गोव्याकडे तो जवळपास निम्मा असतो.

वाळूच्या किनाऱ्यावर नगली, म्हणजे मालवणकडची मुडदुशी, मिळते. तिचं तोंड लहान, म्हणून गरी बारीक आणि आमिष कोळंबीचा तुकडा. खडकाळ भागात हेकरू लागतो. खाडीच्या मुखाशी तांबोशी असते. ती आमिष घेताच खडकात शिरते आणि दोरी तुटते. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, त्याला हाताने धरू नये. पापलेटची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो गळाला क्वचितच लागतो, बाजारातला पापलेट जाळ्यातला असतो.

सगळ्यात मान जिताड्याला, विशेषतः रायगडात. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि पुढे मादी होतो. हेकरूचं नेमकं उलट, आधी मादी, मग नर. म्हणजे इन्स्टाग्रामवर दोन्ही हातांनी उचलून दाखवलेला भलामोठा जिताडा बहुधा मादी असतो. आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाकडे येते, नेमकी गरवणाऱ्यांच्या टप्प्यात.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, पण तिचा रोख यांत्रिक नौकांवर आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबीही ठरवून दिली. तिने लहान मासे वाचतात, मोठी मादी नाही. तिला परत सोडायचं की नाही, हे गळ धरणाऱ्याच्या हाती उरतं. मे महिन्यात सोडणंच शहाणपणाचं, कारण एक मोठी मादी एका विणीत लाखो अंडी घालते.

मे अखेरीस खडकावर जाण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. वारा पडलेला असतानाही दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लांब लाटा अचानक किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्यांचा इशारा हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था आधीच देते. इशारा असेल त्या दिवशी किनारा कितीही शांत दिसला तरी खडकावर उतरू नये.