अर्ध्या इंचाची तीन कुळं

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि अमेरिकेत घरच्यापुरती बीअर बनवणं केंद्रीय करातून सुटलं. हौशी मंडळींनी स्टीलची भांडी, जुनी पिंपं, नळ्या जमवल्या. तिथे अनेकांची गाठ एका कोड्याशी पडते. अर्धा इंची स्टेनलेस नळी अर्धा इंची सॉकेटमध्ये घातली, तर ती आत खुळखुळते. दोन्ही मापं खरी आहेत, फक्त त्यांची कुळं वेगळी आहेत.

पाइपाचं कूळ गॅस आणि वाफेचं. १८२५ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नेलियस व्हाइटहाउसने तापलेल्या लोखंडी पट्टीपासून पाइप ओढण्याचं पेटंट घेतलं. तेव्हाच्या पाइपांच्या भिंती जाड होत्या आणि माप आतल्या पोकळीवरून ठरायचं. पुढे भिंती पातळ झाल्या, पण आटे जुळत राहावेत म्हणून बाहेरचा व्यास बदलला नाही. म्हणून आजचा अर्धा इंची पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो. नळीचं माप मात्र बाहेरूनच धरतात, त्यामुळे अर्धा इंची नळी नेमकी १२.७ मिलिमीटरची असते.

आट्यांचंही घराणं फुटलं. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांचे आटे सुचवले. फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्जने पाइपासाठी ६० अंशांचे, सोळास एक उताराचे आटे बसवले. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचामागे १४ आटे, म्हणून सुरुवातीचे फेरे सहज जातात आणि पुढे जोड अडतो किंवा गळतो. आपल्याकडचं नळकाम ब्रिटिश आट्यांवर चालतं. अमेरिकन सुटे भाग मागवणाऱ्याने हे आधी तपासावं. आट्यांच्या फटी पूर्वी धागा आणि सफेदा लावून बुजवत, आता टेफ्लॉन टेप गुंडाळतात. स्टेनलेसवर स्टेनलेस घासून आटे जाम होतात, तेही टेपमुळे टळतं.

पण घरगुती उपकरणांतल्या नळीची भिंत बहुधा ०.९ मिलिमीटरच्या आसपास असते आणि अर्धा इंची अमेरिकन आट्याची खोली जवळपास १.४५ मिलिमीटर. या नळीवर आटे पाडता येतच नाहीत. तिला बाहेरून आवळणारा जोडच लागतो, आणि हे दुसरं कूळ. १९४७ मध्ये क्लीव्हलंडला फ्रेड लेनन आणि कलेन क्रॉफर्ड यांनी दोन फेरूलांचा, म्हणजे कड्यांचा, जोड बाजारात आणला. नट आवळला की पुढची कडी नळीवर दाबली जाऊन गळती रोखते, मागची कडी नळीला धरून ठेवते. नट आधी हाताने घट्ट करायचा, मग पान्याने सव्वा फेरा द्यायचा. नळीचा काप काटकोनात आणि टोक कानस मारून साफ असेल, तरच ही करामत साधते.

तिसरं कूळ दुधाचं. दुग्धालयातल्या नळ्या रोज उघडून धुवाव्या लागतात, कारण खाचेत राहिलेला थेंब पुढचं सगळं दूध नासवतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत यंत्रनिर्माते, दूध व्यावसायिक आणि आरोग्य निरीक्षक यांच्या संघटनांनी मिळून अशा जोडांचे नियम लिहिले. आज याच कामासाठी ट्राय-क्लॅम्प वापरतात. दोन सपाट कडा, मध्ये रबरी गॅस्केट आणि बाहेरून चाप. आत एकही आटा उघडा राहत नाही आणि पान्याशिवाय जोड सुटतो.

निवडीचं सूत्र या तीन जन्मकथांतच आहे. वर्ट, म्हणजे मोडवलेल्या बार्लीचा गोड काढा, उकळेपर्यंत आट्यांचा जोड चालतो, कारण त्यात काही लपलं तरी पुढची उकळी ते मारते. सरळ पातळ नळी क्वचितच हलवायची असेल, तर आवळणारा जोड घ्यावा. वर्ट थंड झाल्यावर मात्र त्याला उकळीचं संरक्षण उरत नाही. खाचेत वाढलेले लॅक्टोबॅसिलस जिवाणू यीस्टच्या आधीच गोडावर ताव मारतात आणि बीअर आंबते. म्हणून किण्वनाच्या पिंपापासून पुढे पैसे ट्राय-क्लॅम्पवर घालावेत आणि थंड बाजूचे बॉल व्हॉल्व्ह पूर्ण सुटे करून धुता येतील असेच घ्यावेत. गोळ्यामागे साचलेला काढा नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही.