मंदीतली बोली आणि वसईचे गाळे

गूगलची अ‍ॅडवर्ड्स सुरू झाली ऑक्टोबर 2000 मध्ये, डॉटकॉमचा फुगा फुटत असताना. 2002 मध्ये तिथे क्लिकचा लिलाव आला: कुणी जाहिरातीवर क्लिक केलं तरच पैसे, आणि दर बोलीवर. (गोटू डॉट कॉमने हे 1998 लाच केलं होतं, नाव मात्र गूगलचं झालं!) मंदीत मोठे बोलीवाले मागे सरले की दर उतरतो आणि छोट्याला जागा मिळते.

आता या मार्च 2020 ला. लॉकडाऊन. वसई पूर्वेला वालीव, सातिवलीचे गाळे बंद, विरार लोकल बंद. त्याच महिन्यात गूगलने जगभरच्या छोट्या व्यवसायांसाठी 34 कोटी डॉलरचं जाहिरात क्रेडिट जाहीर केलं. ऐकायला भारीच. पण अट बघा ना: आधीच्या वर्षभरात जाहिरात खातं चालू असलं पाहिजे. ज्या गाळेवाल्याच्या ऑर्डरी तोवर ओळखीपाळखीतून यायच्या, त्याच्या वाट्याला काहीच नाही. आपल्याकडे असेच जास्त, असं मला वाटतं.

त्याच्यासाठी फुकट होती ती फक्त गूगल नकाशावरची नोंद. ती पडताळायचा कोड तेव्हा बहुतेकदा पोस्टकार्डावर यायचा. तोही गाळ्याच्याच पत्त्यावर, आणि गाळ्याला कुलूप.