वैद्यकीचा उंबरठा : पूर्वतयारीचा थोडा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही मजकूर द्यावा, असे कार्यकारी मंडळाने आम्हांस कळविले, तेव्हा चौकच्या धारावी किल्ल्याविषयी लिहावे असा आमचा मानस होता. परंतु त्याच आठवड्यात आपल्या ज्ञातीतील दोन गृहस्थ एकापाठोपाठ एक आमच्या घरी आले. एकाचा मुलगा व दुसऱ्याची मुलगी, दोघेही बारावी उत्तीर्ण होऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षास बसलेली. आणि दोघा बापांचा प्रश्न एकच. मुलास डॉक्टर व्हावयाचे आहे, ते न साधल्यास रुग्णसेवेच्या दुसऱ्या एखाद्या शाखेत तरी शिरावयाचे आहे, तर ह्या वर्षात त्याने काय करावे? आम्ही पडलो मॅट्रिक झालेले मास्तर. आम्हांस वैद्यकीतले काय कळणार? तथापि जुनी पुस्तके चाळण्याची खोड आम्हांस आहे, आणि ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात बरेचसे सापडते असे दिसून आल्यावरून किल्ला पुढील वर्षावर टाकून हाच विषय घेतला आहे.

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याचा पहिला प्रयत्न १८२६ साली झाला. ‘नेटिव्ह मेडिकल स्कूल’ ह्या नावाने ती शाळा निघाली व डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचे, आणि त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करावयाची, असा तिचा बेत होता. बेत वाईट नव्हता. परंतु अवघ्या सहा वर्षांत, १८३२ साली, ती शाळा बंद पडली. पुढे नव्या कॉलेजाचा विचार सुरू झाला, तेव्हा ह्या अपयशाची चिकित्सा झाली आणि एक गोष्ट पुढे आली : विद्यार्थी वैद्यक शिकण्यास आले खरे, पण वैद्यक समजण्यापूर्वी जे शिकलेले असावे लागते ते शिकून आलेच नव्हते. शरीरशास्त्राचा धडा गिरविण्याआधी भाषा, गणित व पदार्थविज्ञान ह्यांचा पाया लागतो. तो पाया नसता इमारत उभारली, आणि ती खचली.

म्हणून १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा इंग्रजी चांगले येणाऱ्या मुलांसच तेथे घ्यावयाचे ठरले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट ह्यांनी ह्या कल्पनेचा पाठपुरावा केला होता; ते १८३८ साली वारले आणि कॉलेजास त्यांचे नाव मिळाले. शेजारचे रुग्णालय सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या दातृत्वाने उभे राहिले. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोअरहेड हे पूर्वशिक्षणाच्या बाबतीत फार काटेकोर होते.

१८५१ साली ह्या कॉलेजातून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग व अनंत चंद्रोबा होते. मेरवानजी सोराबजी व बरजोरजी दोराबजी हे पारशी होते. आणि कार्व्हालो, गोम्स व लिस्बोआ अशी तीन ख्रिस्ती नावेही होती. आपल्या किनाऱ्यावरील मुलांस हे मुद्दाम सांगावे असे आम्हांस वाटते. कारण ‘वैद्यकी हे आपले काम नव्हे’ असे म्हणणारे अजूनही आपल्यात आहेत.

ह्या आठांपैकी भाऊ दाजींची हकीकत शिक्षक म्हणून आम्हांस विशेष प्रिय आहे. गोमंतकातील मांद्र्याचा हा मुलगा गरीब बापाबरोबर मुंबईस आला, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकला आणि तेथेच शिक्षक झाला. ग्रँट कॉलेज उघडताच त्याने शिक्षकाची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसणे पत्करले. पुढे ते मुंबईचे शेरीफ झाले, कुष्ठरोगावर त्यांनी औषध शोधले, पुराणवस्तूंचे संशोधन केले. त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. पण ती कीर्ती एल्फिन्स्टनमधल्या वर्षांवर उभी होती, हे चरित्रे वाचणारे विसरतात. वैद्यकाच्या वर्गात ते गेले तेव्हा शास्त्राची भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

ज्यांस अशी शाळा मिळाली नाही, त्यांनी घरालाच शाळा केले. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांस त्यांचे पती गोपाळराव, जे टपालखात्यात नोकरीस होते, त्यांनी घरी शिकविले. अलिबाग, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत राहिल्या आणि अभ्यास बरोबर चालला. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या व १८८६ च्या मार्चात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून एम.डी. झाल्या, वर्षभरात त्या निवर्तल्या. रखमाबाईंच्या घरी तर सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतःच ग्रँट कॉलेजशी संबंधित वैद्य होते. १८९४ साली त्या लंडनहून डॉक्टर झाल्या व त्यांनी सुरतेस रुग्णसेवा केली. एकीच्या घरी टपालखात्यातला कारकून, दुसरीच्या घरी डॉक्टर. आपल्या घरी तांडेल असतो. त्याच्याकडून समुद्राचे पुष्कळसे शिकावे, पण रसायनशास्त्र नव्हे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक दुसरी वाटही होती. मॅट्रिक झालेल्या मुलास मेडिकल स्कूलमध्ये थेट प्रवेश मिळे आणि काही वर्षांनी तो लायसेन्शिएट डॉक्टर होई. खेडोपाडी दवाखाने चालविणारे पुष्कळ जण ह्याच वर्गातले. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला की देशात डॉक्टर एकाच दर्जाचा असावा. त्यानंतर त्या शाळा बंद झाल्या किंवा कॉलेजे बनल्या. निर्णय योग्य होता ह्यात शंका नाही. पण त्याने मॅट्रिकचे दार मिटले आणि त्यापुढली दोन वर्षे हाच उंबरठा ठरला. फर्स्ट इयर सायन्स व इंटर सायन्स ही ती दोन वर्षे. इंटरला जीवशास्त्राचा ‘बी’ ग्रुप घ्यावयाचा, आणि त्या गुणांवर एम.बी.बी.एस.चा प्रवेश ठरावयाचा. १९७५ पासून दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि ही वर्षे अकरावी-बारावी ह्या नावाने कनिष्ठ महाविद्यालयात गेली.

येथे आमची स्वतःची थोडी हकीकत सांगितल्यास वाचक क्षमा करतील. १९७६ साली एस.एस.सी. होऊन आम्हीही मुंबईच्या एका कॉलेजात अकरावी विज्ञानास नाव घातले होते. पहाटे उत्तनहून निघून भाईंदर स्टेशन गाठावयाचे, तेथून लोकल. परत येईतो दिवेलागण होई. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत एक मासा ठेवला होता. हा कोणता, असे विचारता आम्ही तत्काळ ‘मुशी’ म्हणालो, आणि वर्गात हशा पिकला. चिठ्ठीवर ‘स्कॉलिओडॉन’ लिहिले होते. मुशीचे कल्ले कोठे, काळीज कोठे, पोटात पिले कशी असतात, हे त्या वर्गात आमच्याइतके कोणासही ठाऊक नसावे; लहानपणापासून आम्ही आईच्या शेजारी बसून मासळी चिरलेली. पण शब्द आमच्यापाशी नव्हते. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हांस भौतिकशास्त्राचे तास तर परमुलखासारखे वाटत. वर्ष संपता आम्ही कॉलेज सोडले व पुढे अध्यापन पदविकेकडे वळलो. त्याची खंत आम्ही करीत नाही, असे म्हणणे खोटे होईल.

त्यानंतरचा इतिहास अलीकडचा आहे. २०१३ साली देशभरासाठी ‘नीट’ परीक्षा प्रथम घेण्यात आली. त्याच वर्षी ती न्यायालयात रद्द ठरली आणि २०१६ पासून पुन्हा आली. २०१७ पासून ती मराठीतूनही देता येते. १८२६ च्या त्या शाळेची आठवण होऊन आम्हांस ह्याचा आनंद झाला. मात्र पुढे शिकावयाचे इंग्रजीतूनच, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. १८० प्रश्न, ७२० गुण. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक व रसायनाचे. चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. वरच्या वयाची अट २०२२ साली उठली, म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात बसलेल्या मुलास अजून वेळ आहे. ते वर्ष वाया गेले असे समजू नये. तेच त्याचे एल्फिन्स्टन आहे, जर त्याने रोज इंग्रजी संज्ञांची वही ठेवली व भौतिकशास्त्राची गणिते टाळली नाहीत तर. आपली मुले जीवशास्त्र पाठ करतात आणि भौतिकात मागे पडतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. शिवाय डॉक्टरकी ही एकच वाट नव्हे. आयुर्वेद, होमिओपथी व फिजिओथेरपी ह्यांचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. परिचर्येच्या पदवीस व औषधनिर्माणशास्त्रास राज्याच्या वेगळ्या प्रवेश परीक्षा आहेत. आपल्या मुलींचा हात परिचर्येत फार चांगला बसतो, हे आम्ही आग्रहाने सांगू.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र व जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र लागते. विशेष मागास प्रवर्गाच्या यादीत कोळी व तत्सम जातींत ‘ख्रिश्चन कोळी’ असा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु पडताळणीत वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदी पाहतात, आणि कित्येक घरांत त्या नोंदींत जातीच्या रकान्यात नुसते ‘ख्रिश्चन’ लिहिलेले असते. ते कोणी लिहिले? आम्ही लिहिले. जनरल रजिस्टर आमच्या हाती असे. बाप पोरास घेऊन येई, आम्ही जात विचारीत असू, तो ‘ख्रिश्चन’ म्हणे, आणि आम्ही तेच उतरवीत असू. एक प्रश्न अधिक विचारावयास हवा होता. तो आम्ही विचारला नाही, आणि त्या एका शब्दापायी आज कोणा मुलीची फाइल महिनोन्‌महिने अडकते.

वर सांगितलेल्या दोन गृहस्थांपैकी मुलीच्या बापाने हीच अडचण सांगितली. त्याच्या शाळेच्या दाखल्यावरील अक्षर आमचेच होते. आम्ही ते पाहताच ओळखले. मग आम्ही दोघे मिळून महसुली दप्तरातील कोतवाल बुकाच्या शोधास लागलो. तिसऱ्या फेरीस त्याच्या आज्याच्या जन्माची नोंद मिळाली, मोडीत, आणि तीत ‘कोळी’ हा शब्द होता. तिचा प्रमाणित उतारा व मोडीचे लिप्यंतर अर्जास जोडले आहे. ज्या घरांत मूल आज आठवीत-नववीत असेल त्यांनी हे काम आताच हाती घ्यावे. बारावीच्या निकालानंतर हे होत नाही. ज्यांस मोडी वाचता येत नसेल त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडे यावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. प्रवेशाची फी भरावयाची ती पावसाळ्यात, आणि जून-जुलैत मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरात रोकड नाही. म्हणून फाल्गुन-चैत्रात, सुके बोंबील विकले जातात तेव्हाच, ती रक्कम वेगळी काढून ठेवावी. परीक्षाही बहुधा मे महिन्याच्या आरंभी, ऐन वाळवणाच्या दिवसांत येते. त्या मुलीची आई परवा आमच्या पडवीत बसून हेच म्हणत होती, की पोरगी पेपरास गेली तर त्या दिवशी वलांडीवरचे बोंबील कोण उतरवील? बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी उतरवीन. तू तिच्याबरोबर जा.”