सफा टेम्पो : काठमांडूच्या एका वाहनाचा इतिहास

'टेम्पो' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो मुळात हाम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव होता, हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. १९५८च्या सुमारास 'बजाज टेम्पो'मुळे ती जर्मन तीनचाकी भारतात बनू लागली आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले. पुढे शब्दाचे प्रांतागणिक अर्थ पालटले. आपल्याकडे टेम्पो म्हणजे माल वाहणारी गाडी. उत्तर भारतात आणि नेपाळात मात्र माणसे वाहणारी तीनचाकी. काठमांडूत या नामामागे एक विशेषण लागले : 'सफा', म्हणजे आपले 'साफ'. ते कसे लागले आणि त्या विशेषणाची किंमत कोणी मोजली, एवढाच आमचा विषय आहे.

१९९१च्या जनगणनेत काठमांडू शहराची लोकसंख्या सुमारे चार लाख एकवीस हजार होती. म्हणजे तेव्हाच्या कोल्हापूरहून किंचित अधिक. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये वाटीसारखे खोरे. हिवाळ्यात थंड हवा तळाशी साचते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि खालचा धूर खालीच राहतो. वीटभट्ट्यांच्या त्या धुरात भर घालणारे वाहन म्हणजे 'विक्रम'. लखनौच्या 'स्कूटर्स इंडिया'ची ही डिझेलवर चालणारी तीनचाकी, समोरासमोरच्या दोन बाकड्यांवर दहा-अकरा माणसे कोंबून, अरुंद गल्ल्यांतून धूर सोडीत धावे. गल्ल्या मोठ्या बसला पुरेशा नव्हत्या आणि घरची टॅक्सी सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. म्हणजे वाहन लहानच हवे होते. प्रश्न फक्त धुराचा होता.

१९९३मध्ये 'ग्लोबल रिसोर्सेस इन्स्टिट्यूट' या अमेरिकी संस्थेने अशाच एका डिझेल टेम्पोतले इंजिन काढून त्या जागी विजेची मोटार बसवली. काही काळ मोजक्या गाड्या चाचणीसाठी धावल्या आणि १९९६पासून तो खासगी धंदा झाला. युक्ती साधी होती. आसनांखाली सहा व्होल्टच्या बारा शिसे-आम्ल बॅटऱ्या. एका भरणात पन्नास-साठ किलोमीटरची मजल. पण दिवसभराच्या फेऱ्यांना तेवढी पुरत नसे. म्हणून प्रत्येक गाडीचे दोन संच. सकाळचा संच दुपारी चार्जिंग स्टेशनवर उतरवायचा आणि रात्री भरून ठेवलेला दुसरा चढवायचा. 'बॅटरी-स्वॅपिंग' म्हणून आज जिचा नवी कल्पना असा गाजावाजा होतो, ती काठमांडूच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हाच नित्याची हमाली होती. थांबा आला की प्रवाशाने छतावर ठोकायचे, उतरून पुढे जाऊन चालकाच्या हातात पैसे द्यायचे. कंडक्टर नाही, तिकीट नाही.

त्या चालकांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, ही या इतिहासातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गाडीला गिअर बदलण्याची यातायात नव्हती, धंदा नवा असल्यामुळे त्यात पुरुषांची मक्तेदारी जमलेली नव्हती, आणि फेऱ्या शहरातच असल्याने रात्री घरी परतता येई. दक्षिण आशियातील सार्वजनिक वाहनाच्या चाकामागे बाई दिसणे हे त्या काळी अप्रूपच होते. काहींनी पुढे कर्ज काढून स्वतःचे टेम्पो घेतले. म्हणजे केवळ हवा साफ झाली असे नव्हे; एका धंद्याचे दार किलकिले झाले.

मग १९९९ साल आले. नागरिकांच्या रेट्यामुळे सरकारने विक्रम टेम्पो काठमांडू खोऱ्याबाहेर घालवले. सफा टेम्पोचा हा विजय मानला गेला आणि त्यांची संख्या पाहता पाहता सहाशेच्या आसपास गेली. परंतु हा इतिहास इथेच वाकडे वळण घेतो. विस्थापित विक्रममालकांना भरपाई द्यायची, तर ती कशी? सरकारने त्यांना नवी प्रवासी वाहने आणण्यासाठी आयातशुल्कात मोठी सूट दिली. त्या सवलतीवर शहरात मायक्रोबस उतरल्या : अधिक वेगवान, अधिक आरामशीर, आणि इंधनावर चालणाऱ्या. ज्यांनी धूर केला त्यांना भरपाई, आणि ज्यांनी धुराला पर्याय दिला त्यांच्यासमोर त्या भरपाईतून उभा केलेला स्पर्धक! यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. एका खात्याने सोडवलेला प्रश्न दुसऱ्याच्या दारात जाऊन बसावा, हा आपल्याकडील राज्यकारभाराचाही नित्याचा अनुभव आहे.

सफा टेम्पो मोटारीमुळे हरला नाही. त्याचे दुखणे बॅटरीत होते. हा महागडा संच साधारण दीड-दोन वर्षांत निकामी होई आणि तो बदलण्याचा भार एकट्या मालकाच्या शिरावर पडे. प्रवासी मायक्रोबसकडे वळले तसतसे त्या खर्चाचे गणित चुकत गेले. मोठी परिवहन संस्था असा खर्च शेकडो गाड्यांवर पसरू शकते. एका टेम्पोची मालकीण तो कशावर पसरणार?

मोठ्या संस्थेच्या हाती वीज सुरक्षित असते, असेही मात्र नाही. चीनच्या मदतीने डिसेंबर १९७५मध्ये सुरू झालेली त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक ही सुमारे तेरा किलोमीटरची ट्रॉलीबस सरकारी होती. ती २००१मध्ये बंद पडली, २००३मध्ये अर्ध्या वाटेपर्यंत पुन्हा चालली आणि २००८मध्ये कायमची थांबली. (मुंबईच्या ट्रॉलीबसला तर १९६२ ते १९७१ एवढेच आयुष्य लाभले.) तिच्या तारा गेल्या, त्याच सुमारास विजेचाही दुष्काळ पडला. १९११पासून जलविद्युत निर्माण करणाऱ्या देशाच्या राजधानीत २००८-०९च्या हिवाळ्यात दिवसाला सोळा तासांपर्यंत भारनियमन होते. उरलेल्या तासांत घरातला दिवा लावायचा की टेम्पोचा संच भरायचा, अशी ती ओढाताण होती. तरीही टेम्पो चालले. २०१६च्या दिवाळीपासून काठमांडूचे भारनियमन थांबले, पण त्याआधीच त्यांची एक परीक्षा होऊन गेली होती. सप्टेंबर २०१५पासून सुमारे पाच महिने भारत-नेपाळ सीमेवरील नाकेबंदीने पेट्रोल-डिझेल अडले. पंपांवर दिवस दिवस रांगा लागल्या. त्या दिवसांत, जुनाट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या तीनचाक्या धावत राहिल्या.

त्यानंतर काही टेम्पोंत शिशाच्या जागी लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. २०२२मध्ये 'साझा यातायात' या सहकारी संस्थेने चाळीस विजेच्या बस आणल्या. आणि गेल्या काही वर्षांत काठमांडूहून डोंगरउतारावरच्या गावांकडे जाणाऱ्या महामार्गांवर एक नवे वाहन मोठ्या संख्येने दिसू लागले आहे : चीनमधून आयात केलेली, शुल्कात सवलत मिळालेली, विजेवर चालणारी मायक्रोबस.